ज्वर, वैद्य आणि न्यायासन

घरांत कोणास ताप आला म्हणजे पहिले दोन दिवस त्याची गणना दुखण्यांत होत नाहीं. सुंठीचा काढा होतो, कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी पडते, कपाटांतली एखादी गोळी दिली जाते, आणि 'उद्यां उतरेल' या शब्दांवर घर निजतें. बहुतेक वेळां तो उतरतोहि. परंतु ज्या थोड्या प्रसंगीं तो उतरत नाहीं, त्या प्रसंगीं मागाहून सारें घर एकच हिशेब मांडीत बसतें : आपण केव्हां निघालों, दवाखान्यांत केव्हां पोंचलों, डॉक्टरांनीं प्रथम केव्हां पाहिलें, आणि खरें औषध केव्हां सुरू झालें? पूर्वीं हा हिशेब शोकाचाच एक भाग असे. आतां तो न्यायालयांतहि मांडला जातो. तो तेथें कसा तपासतात, त्यांत काय ग्राह्य ठरतें आणि काय ठरत नाहीं, हें सुशिक्षित कुटुंबांनीं तरी जाणून घेणें अवश्य आहे.

या विषयावर आपल्या समाजांत दोन टोकांचीं मतें आढळतात. एक मत असें कीं, आयुष्याची दोरी परमेश्वराच्या हातीं आहे, वैद्य हा निमित्तमात्र. तेव्हां गेलेल्या माणसापायीं वैद्यास न्यायालयांत ओढणें हा कृतघ्नपणा होय. दुसरें मत असें कीं, इतका पैसा घेतला आणि तरीहि रोगी दगावला, त्या अर्थीं डॉक्टर दोषीच असला पाहिजे. पहिल्या मताचा मनुष्य दाद मागण्याची मुदत दवडतो. दुसऱ्या मताचा मनुष्य न्यायालयांत जाऊन हरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दवाखान्याच्या कांचा फोडून स्वतःच आरोपी होऊन बसतो. अशा दंगेखोरीसाठीं महाराष्ट्रांत २०१० सालापासून स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. खरी वाट या दोन्ही मतांच्या मधून जाते.

जुन्या शास्त्रकारांची दृष्टि

वैद्यास जाब विचारण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कंटकशोधन नांवाचें चौथें अधिकरण आहे. त्याच्या आरंभींच विणकर, परीट, सोनार यांच्याबरोबर वैद्याचाहि विचार केलेला आहे. प्राणास धोका असलेल्या रोगावर अधिकाऱ्यांस न कळवितां उपचार चालविले आणि रोगी मेला, तर वैद्यास पहिल्या प्रतीचा दंड. उपचारांतील चुकीमुळें मेला, तर मध्यम प्रतीचा दंड, अशी तेथें व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतहि मिथ्या उपचार करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला असून, रोगी पशु आहे, सामान्य मनुष्य आहे, कीं राजपुरुष आहे, हें पाहून दंडाची पायरी चढत जाते. राजपुरुषाचा प्राण इतरांहून मोलाचा ही गोष्ट आज कोणास पटणार नाहीं. परंतु वैद्याच्या हयगयीस दंड असावा हें तत्त्व आपल्याकडे पुरातन आहे, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

याहून मार्मिक विचार सुश्रुतानें केला आहे. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानांत रोगाच्या सहा अवस्था सांगितल्या आहेत : संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद. या सहा अवस्थांस त्यानें 'क्रियाकाल' असें नांव दिलें. क्रियाकाल म्हणजे उपचाराची वेळ. प्रत्येक अवस्थेंत वैद्यास कांहीं करण्यास जागा असते, आणि एक अवस्था दवडली कीं पुढची अधिक कठीण होते, असा त्याचा अभिप्राय. त्याच सूत्रस्थानांत गळवाच्या प्रकरणीं तो म्हणतो कीं, कच्चें गळूं अज्ञानानें कापणारा आणि पिकलेल्या गळवाची उपेक्षा करणारा हे दोघेहि सारखेच निंद्य समजावे. कारण दोघेहि निश्चय न करतां वागतात. घाईनें केलेली चूक आणि न करण्यांत झालेली चूक या दोहोंस त्यानें एका तराजूंत घातलें. आजच्या न्यायशास्त्रांतील उपेक्षेचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं.

औरंगाबादचें प्रकरण

धाराशिवचा आपला जिल्हा मराठवाड्यांतला. तेव्हां मराठवाड्यांतच घडलेलें आणि साऱ्या हिंदुस्थानच्या कायद्यांत दाखला होऊन बसलेलें एक प्रकरण प्रथम पाहूं. कायद्याच्या ग्रंथांत तें 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नांवानें प्रसिद्ध आहे.

ता. १० जुलै १९६३ रोजीं औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयांत एक स्त्री प्रसूतीसाठीं दाखल झाली. १९५६ सालीं निघालेल्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयास हें रुग्णालय जोडलेलें होतें, आणि साऱ्या मराठवाड्यांत तेव्हां तें महाविद्यालय एकच होतें. म्हणजे त्या प्रांतांत मिळूं शकणारा उत्तम उपचार जेथें मिळावा अशाच ठिकाणीं ती गेली होती. प्रसूति नीट पार पडली. नंतर ता. १३ रोजीं, तिच्या इच्छेप्रमाणें, पुढें संतति होऊं नये म्हणून करावयाची लहानशी शस्त्रक्रिया झाली. तदनंतर लगेच तिला जोराचा ताप भरला आणि पोटांत असह्य वेदना सुरू झाल्या. इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर असें होणें स्वाभाविक नव्हतें. ता. १५ रोजीं पतीनें डॉक्टरांकडे धांव घेतली. ताप हटेना, दुखणें हटेना, स्थिति खालावत गेली. अखेर ता. १९ रोजीं दुसऱ्या डॉक्टरानें जुनी जखम पुन्हां उघडली, तेव्हां आंत शस्त्रक्रियेच्या वेळीं राहून गेलेला एक टॉवेल सांपडला. भोंवतीं पू सांचला होता. तो काढून पोट पुन्हां शिवलें. परंतु उदरावरणाचा दाह इतका पुढें गेला होता कीं, ता. २४ रोजीं ती मरण पावली.

दोष दोन ठिकाणीं दिसतो. टॉवेल आंत राहिला ही पहिली चूक; आणि तापवेदनांनीं शरीर स्वतः ओरडून सांगत असतां सहा दिवस पोट उघडून पाहिलें नाहीं, ही त्या चुकीचे परिणाम वाढविणारी दुसरी गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर ताप आणि पोटदुखी हीं एकत्र आलीं म्हणजे आंत जंतूंनीं ठाणें दिलें काय, ही शंका वैद्यानें घेतलीच पाहिजे.

पतीनें व मुलांनीं भरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयानें तो फिरविला. डॉक्टरांची हयगय शाबीत होत नाहीं, आणि सरकारी रुग्णालय चालविणें हें राजसत्तेचें कार्य असल्यामुळें सरकार जबाबदार धरतां येत नाहीं, असें त्यानें मानलें. अखेर ता. २० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मूळचा हुकूमनामा पुन्हां कायम केला. रुग्णालय चालविणें हें लोककल्याणाचें काम आहे, राजसत्तेच्या ढालीमागें सरकारास लपतां येणार नाहीं, आणि नोकरांच्या हयगयीबद्दल मालकाप्रमाणें सरकारहि उत्तरदायी आहे, असा स्वच्छ निर्णय त्यानें दिला. पोटांत टॉवेल कोणाच्या हातून राहिला हें वादीनें दाखविण्याची गरज नाहीं. तो राहिला ही वस्तुस्थितिच स्वतः बोलते, असेंहि तत्त्व तेथें लागू झालें. साध्या प्रसूतीसाठीं रुग्णालयांत गेलेली स्त्री जिवंत बाहेर आली नाहीं, या एका गोष्टीकडे न्यायमूर्तींनीं पुनः पुन्हां लक्ष वेधलें.

मृत्यु १९६३ चा आणि अखेरचा निर्णय १९९६ चा. ३३ वर्षांत त्या ३६,००० रुपयांची किंमत काय उरली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा. उपचाराला झालेला विलंब तपासावयास बसलेल्या न्यायाचाहि असा विलंब व्हावा, हें आपल्या व्यवस्थेचें मोठें व्यंग आहे.

हैदराबाद आणि मुंबई : दोन बाजू

१९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. दुसरें प्रकरण त्या हैदराबाद शहरांतलें. २००२ च्या जुलै महिन्यांत एका गृहस्थानें आपल्या पत्नीस तेथील एका खाजगी रुग्णालयांत नेलें. ताप मधून मधून येई आणि हुडहुडी भरे. गृहस्थ स्वतः सरकारच्या हिंवताप खात्यांतले अधिकारी, म्हणजे या लक्षणांचा अर्थ त्यांना परका नव्हता. परंतु रुग्णालयांत उपचार चालला तो विषमज्वराचा, म्हणजे टायफॉईडचा. चार दिवसांनीं अत्यवस्थ स्थितींत तिला दुसऱ्या रुग्णालयांत हलविलें. तेथें रक्तांत घातक प्रकारच्या हिंवतापाचे जंतु आढळले. परंतु वेळ निघून गेली होती. जिल्हा ग्राहक मंचानें दोन लाख रुपये भरपाई दिली. राज्य आयोगानें ती रद्द केली, आणि राष्ट्रीय आयोगानें राज्य आयोगाचेंच म्हणणें मान्य केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, तज्ज्ञ डॉक्टराची साक्ष वादीनें दिली नाहीं. ता. ८ मार्च २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जिल्हा मंचाचा निर्णय पुन्हां उभा केला. हिंवतापाचा उपचार आम्हीं केला नाहीं, असें त्या रुग्णालयाच्याच डॉक्टरानें साक्षींत सांगितलें असतां निराळ्या तज्ज्ञाची आवश्यकता काय? प्रत्येकच प्रकरणांत तज्ज्ञाची साक्ष पाहिजे असा नियम नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. जेथें गोष्ट सामान्य बुद्धीला दिसणारी आहे, तेथें तज्ज्ञावांचून चालतें. जेथें ती गुंतागुंतीची आहे, तेथें मात्र तज्ज्ञ हवाच.

आतां दुसरी बाजू. १९९१ सालीं मुंबईच्या नानावटी रुग्णालयांत मूत्रपिंडें निकामी झालेला एक रोगी आला. त्याला मोठा ताप होता. भरती व्हा असें डॉक्टरांनीं सांगितलें असतां प्रथम त्यानें नाकारलें. पुढें तपासणींत जंतूंचा तीव्र प्रादुर्भाव आढळला. ते जंतु ज्या औषधांना दबत होते तीं दोनच होतीं. त्यांतलें एक मूत्रपिंडाच्या विकारांत देतां येत नव्हतें. राहिलें तें अमिकॅसिन. डॉक्टरांनीं तें दिलें. रोगी जगला, परंतु त्याची श्रवणशक्ति गेली. राष्ट्रीय आयोगानें डॉक्टरास लाखों रुपयांची भरपाई देण्यास सांगितलें. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. प्राण वांचविण्यासाठीं जें औषध देणें भाग होतें तें दिलें, त्याचा दुष्परिणाम झाला म्हणून ती हयगय होत नाहीं, हें त्याचें सार होय. विलंब केला तर एक दोष आणि जोराचें औषध त्वरित दिलें तर दुसरा दोष, असा वैद्यास दोन्हीकडून फांस लावूं नये, हें या निर्णयावरून आपण शिकावें.

न्यायालय काय पाहतें?

पुण्याच्या एका जुन्या प्रकरणांत, 'जोशी विरुद्ध गोडबोले' यांत, सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं डॉक्टराचीं तीन कर्तव्यें सांगितलीं. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरविण्यांत काळजी. कोणता उपचार द्यावा हें ठरविण्यांत काळजी. आणि तो उपचार देण्यांत काळजी. त्या प्रकरणांतले वादी स्वतः दौंडचे डॉक्टर होते. १९५३ सालीं मांडीचें हाड मोडलेला त्यांचा तरुण पुत्र पुण्याच्या रुग्णालयांत दगावला होता. १५ वर्षें झगडून त्यांस जी भरपाई मिळाली ती ३,००० रुपयांची. पैशाकरितां कोणी इतकें झगडत नाहीं, हें उघडच आहे.

या तिन्ही कर्तव्यांची मोजणी कोणत्या मापानें करावयाची? सर्वांत मोठ्या धन्वंतरीनें काय केलें असतें, हें माप नव्हे. सामान्यतः कुशल अशा त्याच शाखेच्या डॉक्टरानें त्या स्थितींत काय केलें असतें, हें माप. इंग्लंडांत १९५७ सालीं बोलम प्रकरणांत हें सांगितलें गेलें, आणि २००५ सालीं जेकब मॅथ्यू प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तें विस्तारानें मान्य केलें. निदानांतील निव्वळ चूक म्हणजे हयगय नव्हे. पहिल्या दिवशीं हिंवताप, विषमज्वर, डेंगी यांचे ताप एकमेकांसारखेच दिसतात. तेव्हां पहिल्या दिवशीं चुकलेला डॉक्टर दोषी नाहीं. पण तिसऱ्या दिवशींहि ताप हटत नसतां रक्त न तपासणारा, तपासणीचा कागद येऊनहि न वाचणारा, किंवा शेजारच्या मोठ्या रुग्णालयांत पाठविण्याची वेळ कळत असतां रोगी अडकवून ठेवणारा डॉक्टर मात्र उत्तर देण्यास बांधलेला आहे.

सर्वांत कठीण पायरी पुढेंच आहे. हयगय झाली हें दाखविणें पुरत नाहीं. त्या हयगयीमुळेंच हानि झाली हेंहि दाखवावें लागतें. इंग्लंडांत १९६६ सालच्या पहिल्याच दिवशीं तीन रात्रपहारेकरी चहा पिऊन ओकाऱ्या होत असलेल्या स्थितींत रुग्णालयांत आले. डॉक्टरानें त्यांस न पाहतांच दूरध्वनीवरून घरीं जाण्यास सांगितलें. कांहीं तासांनीं त्यांतला एक मेला. चहांत सोमल होता. डॉक्टराची हयगय न्यायालयानें मान्य केली. परंतु लगेच पाहिलें असतें तरीहि तो मनुष्य वांचला नसता, असें दिसून आल्यामुळें त्याच्या विधवेचा दावा फेटाळला गेला.

जंतुजन्य रोगांत हाच प्रश्न फार बिकट होतो. शरीरांत शिरलेल्या जंतूंशीं लढतांना शरीराचाच तोल जातो, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडें, फुप्फुसें, मेंदू एकामागून एक दमतात. या अवस्थेस डॉक्टर सेप्सिस म्हणतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, रक्तदाब उतरलेल्या अशा रोग्यांत योग्य प्रतिजैविक औषधास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबानें वांचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनीं घटत गेली. हा आंकडा सर्वांस जसाच्या तसा लावतां येत नाहीं. परंतु तेथें घड्याळ तासांचें चालतें, दिवसांचें नव्हे, हें त्यावरून ध्यानीं येतें. म्हणूनच न्यायालयांत अशा दाव्यांचा निकाल बहुधा वेळेच्या नोंदींवर लागतो. ताप किती वाजतां पाहिला, रक्तदाब केव्हां उतरला, रक्ताचा नमुना केव्हां घेतला, औषधाचा पहिला डोस किती वाजतां दिला. मोठमोठ्या शब्दांपेक्षां परिचारिकेच्या तक्त्यांतली एक ओळ तेथें अधिक बोलते.

विलंब कोणाकोणाचा?

माता प्रसूतींत कां मरतात याचा विचार करतांना १९९४ सालीं थॅडियस आणि मेन या दोन अमेरिकन विदुषींनीं तीन विलंब सांगितले : उपचार घ्यावा हें ठरविण्यांतला विलंब, उपचाराच्या ठिकाणीं पोंचण्यांतला विलंब, आणि पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यांतला विलंब. ही विभागणी प्रत्येक गंभीर तापास लागू पडते. कायदा डॉक्टरास जबाबदार धरतो तो तिसऱ्या विलंबापुरता. पहिला घराचा आणि दुसरा बव्हंशीं रस्त्यांचा व सरकारचा.

आपल्या जिल्ह्यांत दुसरा विलंब मोठा आहे. परंडा-भूमकडचे लोक बार्शीची वाट धरतात, तुळजापूरकडचे सोलापूरची, उमरगा-लोहाऱ्याकडचे लातूरची किंवा सोलापूरची. औरंगाबादची घटना घडली त्याच १९६३ सालीं सोलापूरचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आतां धाराशिवासहि तसें सरकारी महाविद्यालय झालें आहे, आणि २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. साधनें वाढलीं, परंतु एका दवाखान्यांतून दुसऱ्यांत आणि दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातांना जे तास जातात, त्यांचा विचार व्हावयास पाहिजे तितका होत नाहीं. लहान दवाखान्याकडून कायदा मोठ्या रुग्णालयाची अपेक्षा करीत नाहीं. पण प्रथमोपचार करणें, शिरेंतून पाणी चालू करणें, काय दिलें व किती वाजतां दिलें हें लिहून रोग्याबरोबर चिठ्ठी पाठविणें, एवढें त्याच्या शक्तींतलें आहे. आणीबाणीच्या रोग्यास प्रथमोपचार देणें हें सरकारी व खाजगी प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे, असें १९८९ सालीं परमानंद कटारा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें बजावलें आहे. पैसे भरा, मग पाहूं, हें उत्तर तेथें चालत नाहीं.

पहिल्या विलंबाविषयीं मात्र आपण स्वतःशींच प्रामाणिक झालें पाहिजे. तो घरांत सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं. मिळवत्या पुरुषास किंवा लाडक्या नातवास ताप आला तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठला जातो. सुनेला ताप आला तर सण आटपेपर्यंत, पाहुणे जाईपर्यंत, स्वयंपाकाची दुसरी सोय लागेपर्यंत ती उभीच असते. आणि तिला विचारलें तर 'बरें आहे' असेंच ती म्हणते. बाळंतिणीचा ताप तर अंगावर दूध आल्याचा म्हणून सोडून दिला जातो. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या रुग्णालयांत सेमेलवाईस या डॉक्टरानें विद्यार्थ्यांस क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्यास लावलें आणि सूतिकाज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें उतरले. बाळंतिणीचा ताप ही कधींहि किरकोळ गोष्ट नसते, हें तेव्हांपासून जगास ठाऊक आहे. आपल्या माजघरांत तें अजून पुरतें पोंचलें नाहीं. उद्यां न्यायालयांत डॉक्टराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील कीं, ताप सोमवारीं आला तर आपण गुरुवारपर्यंत कोठें होतां?

कुटुंबानें काय करावें?

प्रथम लक्षणें ओळखावीं. तापाबरोबर श्वास जलद चालणें, बोलण्यांत असंबद्धता किंवा गुंगी, लघवी फार कमी होणें, हातपाय गार पडून काळेनिळे दिसणें, मान ताठणें, पोट दाबलें असतां दगडासारखें लागणें, तान्ह्या मुलानें दूध तोडणें. यांपैकीं एकहि दिसलें तर उद्यांची वाट पाहूं नये. उरलेल्या गोळ्यांतली अर्धीमुर्धी प्रतिजैविकें घरच्या घरीं देऊं नयेत. तीं रोग बरा करीत नाहींत आणि निदान मात्र झांकून टाकतात.

दुसरें, एका कागदावर तापाचे आंकडे वेळेसह लिहून ठेवावे, आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचें नांव व वेळ लिहावी. या कागदाचा पहिला उपयोग डॉक्टरास होतो. न्यायालयास झालाच तर तो दुसरा.

तिसरें, रुग्णालयाचे कागद हा रोग्याचा हक्क आहे. २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें भरती रोग्याची कागदपत्रें डॉक्टरानें तीन वर्षें जपून ठेवावयाचीं असतात आणि रोग्यानें किंवा त्याच्या अधिकृत माणसानें मागितल्यास ७२ तासांच्या आंत द्यावयाचीं असतात. मागणी लेखी करावी, पोंच घ्यावी, आणि शब्द सौम्य ठेवावे. शोकांत पुष्कळांस हें सुचत नाहीं. म्हणून घरांतल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे तें काम सोंपवावें.

चौथें, दाद कोठें मागावयाची तें समजून घ्यावें. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याखालीं येतो, असा निर्णय १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर त्याविषयीं शंका निघाली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानें २०२१ सालीं दूर केली आणि पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच कायम ठेवलें. जेथें सर्वांसच फुकट उपचार मिळतो असें रुग्णालय मात्र या कायद्याबाहेर आहे. त्याविरुद्ध औरंगाबादच्या प्रकरणाप्रमाणें दिवाणी दावा लावावा लागतो. नव्या कायद्यानें एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेहि तक्रार करतां येते. म्हणजे उपचार सोलापुरास किंवा पुण्यास झाला असला तरी धाराशिवच्या मनुष्यास धाराशिवींच दाद मागतां येते. उपचारास दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस फी पडत नाहीं, आणि वकिलावांचून स्वतःहि उभें राहतां येतें. मुदत दोन वर्षांची आहे. ती शोकासाठीं थांबत नाहीं. डॉक्टराच्या वर्तनाविषयींची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करतां येते. तेथें भरपाई मिळत नाहीं, परंतु दोष शाबीत झाल्यास डॉक्टराचें नांव नोंदवहींतून कांहीं काळ किंवा कायमचें काढलें जाऊं शकतें.

फौजदारी फिर्याद ही मात्र अगदीं शेवटची पायरी समजावी. हयगयीनें मृत्यु घडविल्याबद्दल नोंदणीकृत डॉक्टरास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊं शकतो, असें १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत आहे. परंतु त्यासाठीं साधी नव्हे, तर घोर हयगय लागते, आणि दुसऱ्या निःपक्षपाती डॉक्टराचें मत घेतल्यावांचून पोलिसांनीं पुढें जाऊं नये असें जेकब मॅथ्यू प्रकरणांत सांगितलें आहे. हें बंधन योग्यच आहे. प्रत्येक मृत्यूनंतर बेडीचें भय असेल तर लहान गांवचा डॉक्टर गंभीर रोग्यास हातच लावणार नाहीं. तो दारांतूनच त्यास पुढच्या शहराकडे धाडील, आणि वाटेंत जाणाऱ्या तासांचा हिशेब कोणाकडेच मागतां येणार नाहीं.

भरपाईचा खरा हेतु

शेवटीं कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? गेलेलें माणूस तर परत येत नाहीं. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर सूडांत नाहीं. मिळवतें माणूस गेलें तर मागें राहिलेल्या मुलांचें पोट आणि शिक्षण हा भरपाईचा पहिला हेतु. दुसरा हेतु त्या कुटुंबापलीकडचा आहे. ज्या रुग्णालयास एकदां उत्तर द्यावें लागलें, तेथें पुढच्या शस्त्रक्रियेंत पोट शिवण्यापूर्वीं टॉवेल मोजले जातात. ज्या डॉक्टरास हिंवताप न तपासल्याबद्दल विचारणा झाली, तो पुढच्या तापकऱ्याचें रक्त आधीं पाहतो. औरंगाबादच्या त्या पतीनें तीस वर्षांहून अधिक काळ न्यायालयाचीं दारें ठोठावलीं, त्याचें फळ त्याच्या हातीं फार थोडें पडलें. परंतु सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्या प्रत्येक गरिबास, 'सरकारला विचारतां येतें' हा हक्क त्यामुळें बळकट झाला.

वैद्यावर विश्वास ठेवणें आणि त्यास प्रश्न विचारणें यांत विरोध नाहीं. चांगला डॉक्टर प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याला अडचण होते ती उशिरा आलेल्या रोग्याची आणि अर्धवट सांगितलेल्या हकीकतीची. म्हणून ज्या घरीं हें मासिक वाचलें जातें त्या घरच्या कर्त्या माणसांस एवढीच विनंति कीं, पुढल्या वेळीं घरांत ताप येईल तेव्हां तो कोणास आला आहे हें पाहून नव्हे, तर तो कसा आहे हें पाहून निर्णय घ्यावा. आणि निघतांना तारीख व वेळ कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा.